गिरणीवरचा गूळ

भुरीबाईला गूळ वाटताना ज्यानं पाहिलं नाही, त्यानं ती गिरणी पाहिलीच नाही असं खुशाल समजावं. दुपारी जेवणाचा भोंगा झाला की बाया हातपाय झटकत शेडाबाहेर यायच्या, भिंतीच्या सावलीला ओळीनं बसायच्या आणि भुरीबाई पालथ्या डब्यावर बसून गुळाची ढेप फोडायला घ्यायची. एकेकीच्या तळहातावर एकेक खडा. तो तोंडात जाईपर्यंत नजर हलायची नाही. कुणी हळूच मूठ बंद केली की संपलंच. "कायले लपवून राह्यली वो? माह्या डोळ्यासमोर खा. घरी कोण उपाशी बसलं आहे तुह्यं?" मग ती बाई मुकाट खडा तोंडात टाकायची आणि बाकीच्या हसायच्या.

आता गिरणी म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर गहू-ज्वारी आली असेल तर ती बाजूला सारा. ही माती दळायची गिरणी. घाटंजीच्या रस्त्याला, तांड्यापासून हाकेच्या अंतरावर. गुजरातेतून ट्रकनं पांढुरक्या मातीची ढेकळं यायची. ती अंगणात वाळवायची, फोडायची, यंत्रात मैद्यासारखी बारीक दळायची आणि पोत्यांत भरायची. शेतकरी सोयाबीनला दाणेदार खत टाकतो ना, त्यातल्या बऱ्याच दाण्यांचं अंग असल्याच मातीचं असतं. दळणं पुरुषांकडे, भरणं बायांकडे. नळाखाली पोतं धरायचं, वरून पावडर सुटली की पोतं दोन-चारदा आपटून बसवायचं, तोंड शिवायचं, पुढचं पोतं. प्रत्येक आपटण्याला पांढरा लोट उठायचा आणि शेडात समोरची बाई दिसेनाशी व्हायची. पाणी शिंपडायची सोय नाही, कारण ह्या मातीला पाणी लागलं की ती फुगते, चिकटते, माल वाया जातो. त्यामुळे झाडायचं तेही कोरडंच. धूळ ओढून घेणारं एक मोठं यंत्र मालकानं हौशीनं लावून घेतलं होतं. ते तपासणीचे साहेब यायचे त्या दिवशी चालायचं. एरवी त्यात चिमण्यांचा संसार.

मग धुळीवर उपाय काय, तर गूळ. हा काही भुरीबाईनं काढलेला शोध नव्हे. जुना मुकादम सांगायचा, खाणीतले लोकही असंच करतात. गुळानं नरडं साफ होतं, धूळ खाली उतरते आणि सकाळी पोटावाटे निघून जाते. मालकही खुश, कारण गुळाची ढेप तशी स्वस्तच. आणि खोटं कशाला बोला, खडा चघळला की नरड्याला बरं वाटायचंच. लाळ सुटायची, खवखव थांबायची. बाईमाणसाला आणखी कोणता पुरावा पाहिजे?

भुरीबाई ह्या गिरणीवर आली ती ऊसतोडीला कंटाळून. लग्न होऊन तांड्यात आली तेव्हापासून दर दिवाळीनंतर ती आणि तिचा नवरा लखीराम ट्रकमध्ये बसून पश्चिमेकडे जायचे आणि उन्हाळा लागला की परत यायचे. देवसिंग, तिचा एकुलता एक मुलगा, उसाच्या पाचटावर रांगायला शिकला आणि शाळेत जायच्या वयात कोप्यांवर, तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, पाणी भरायला शिकला. त्याला चौथीच्या पुढं काही जमलं नाही. हे भुरीबाईला फार लागलं होतं. म्हणून तांड्याशेजारी गिरणी निघाली तेव्हा सगळ्यांत आधी नाव सांगायला ती गेली आणि जाताना मानीबाईला हाताला धरून घेऊन गेली.

मानीबाई म्हणजे तिची जिवाभावाची. दोघींची घरं पाठीला पाठ लावून. मानीबाईच्या नवऱ्यानं दुसरा घरोबा केलेला, पदरात एक लेक, तिचं नाव बबिता. दोघी मैत्रिणी एका नळावर आमनेसामने पोती धरायच्या आणि संध्याकाळी पांढऱ्याफटक होऊन एकमेकींना म्हाताऱ्या म्हणून चिडवत घरी यायच्या. तांड्यात बोलणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीतलं, गिरणीत वऱ्हाडी. इथं वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून सगळं वऱ्हाडीतच लिहिलं आहे.

दोघींचं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. मानीबाई गूळ खायची नाही. खडा हातात पडला की पदराच्या टोकाला गाठ. संध्याकाळी घरी गेली की गाठ सोडून लेकीच्या हातात.

"बह्याड झाली काय तू?" भुरीबाई ओरडायची. "तो पोरीसाठी नाही, तुह्या छातीसाठी हाय."

"माह्यी छाती काय खोकते काय?" मानीबाई हसायची. "पोरगी दारात वाट पाहते वो. गुळावाचून घरात घेत नाही मले."

मग एका हिवाळ्यात मानीबाई खोकायला लागली. आधी पहाटेचा, मग दिवसभराचा. हाडं दिसायला लागली. तालुक्याच्या एका दवाखान्यात टीबीच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्या, पुन्हा दिल्या. शेवटी शेवटी ती बसूनच झोपायची, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. आणि एक दिवस बसल्या बसल्याच गेली.

भुरीबाईचं मन वाईट नव्हतं, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. मैत्रीण गेल्याच्या दुःखात माणूस काहीतरी आधार शोधतो, कुणाला तरी दोष द्यायला बघतो. प्रेत अंगणात होतं, बाया गोळा झाल्या होत्या, कुणीतरी विचारलं की एवढी धडधाकट बाई अशी कशी गेली. आणि भुरीबाई छाती बडवत सगळ्यांदेखत बोलली, "गूळ खाल्ला नाही तिनं. सारा गूळ पोरीले नेऊन चारला. एक खडा आपल्या नरड्याखाली उतरू देला नाही."

झालं. तांड्याला कारण सापडलं. त्या दिवसापासून मानीबाई कशी गेली ते सगळ्यांना ठाऊक झालं आणि त्या दिवसापासून भुरीबाईनं गुळाचं वाटप आपल्या हातात घेतलं. नव्या बाईला ती आधी मानीबाईची गोष्ट सांगायची, मग खडा द्यायची. आणि पुढं देवसिंग लग्नाचा झाला तेव्हा तिनं दुसरीकडं बघितलंच नाही. गोत वेगळं होतं, अडचण नव्हती. मामाच्या घरी वाढलेल्या बबिताला तिनं सून करून आणलं. "मानीची पोरगी माह्याच घरात पाह्यजे," एवढंच ती म्हणाली. बबिता कामाला वाघीण, बोलायला कमी. सासूला याडी म्हणायची, म्हणजे आई. आपल्या आईलाही ती तेच म्हणत असे. सासू-सुनांची भांडणं तांड्यात उदंड. ह्या घरात एकही नाही, याचं लोकांना नवल वाटायचं.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना भुरीबाईला खोकला लागला.

सुरुवातीला तिनं मनावर घेतलं नाही. गुळाचा एक खडा वाढवला, मग दोन. चढणीवर दम लागायला लागला तेव्हा म्हणाली, वय झालं. पोतं आपटताना हात भरून यायला लागले तेव्हा म्हणाली, जेवण कमी पडतं. मग तिलाही टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. थुंकी तपासली तर त्यात काही निघेना, पण गोळ्या चालूच. कोर्स संपला, खोकला तसाच. आणि तांडा कुजबुजायला लागला. पाणवठ्यावर कुणी तरी म्हणालं, आणि ते भुरीबाईच्या कानावर आलंच, की ही दुसऱ्यांना डोळ्यांसमोर खाऊ घालते आणि आपला गूळ नातीसाठी, बबिताच्या पोरीसाठी, घरी नेत असेल.

हे ऐकून ती इतकी संतापली की खोकून खोकून तोंड काळंनिळं झालं. "म्या?" ती लखीरामला म्हणाली. "म्या एक कण घरी नेला नाही. तुमाले तं मालूम हाय ना?" लखीराम बिचारा मान हलवून हो म्हणाला. पण आपलं ज्याच्यावर विश्वास ठेवून सगळं चाललं होतं, तेच आपल्यावर उलटलं, हे तिला आत कुठंतरी खुपायला लागलं.

शेवटी लखीराम तिला एसटीत घालून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि आजवर कुणी न विचारलेला प्रश्न विचारला. "मावशी, काम काय करता?"

भुरीबाईनं सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या. मध्येच त्यांनी लखीरामला कागद देऊन औषधाच्या खिडकीवर पाठवलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"हा टीबी नाही मावशी. तुमच्या छातीत माती बसली आहे. ती बसून बसून फुप्फुसं कडक झालीत. म्हणून हवा मावत नाही."

"मंग गोळी द्या ना माती काढाची."

"तशी गोळी नाही. बसलेली माती निघत नाही. दम कमी लागावा म्हणून औषध देते. पण गिरणीत पुन्हा पाय टाकायचा नाही. आणि घरातलं दुसरं कुणी तिथं जात असेल तर त्यालाही थांबवा."

भुरीबाई हसली. बिचारी लहान आहे, शिकली पण धुळीचं काम तिला काय ठाऊक. समजुतीच्या सुरात ती म्हणाली, "पण मॅडम, म्या रोज गूळ खाल्ला ना. रोज. कोणालेबी इचारा."

मॅडमनी बोट आधी गळ्यावर टेकवलं, मग पोटावर, मग छातीवर. "गूळ पोटात जातो, मावशी. धूळ छातीत जाते. वाटा वेगळ्या आहेत."

भुरीबाईला ते पटलं नाही. खरं म्हणजे तिनं ते पटू दिलं नाही. कारण मॅडमचं खरं असेल तर गुळानं काहीच होत नव्हतं. आणि गुळानं काहीच होत नसेल तर मानीबाईच्या अंगणात आपण जे बोललो ते काय होतं? ह्या विचाराच्या उंबऱ्यापर्यंत ती यायची आणि मागं फिरायची. लखीराम औषधं घेऊन आला. काय म्हणाली डॉक्टर, त्यानं विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. "आराम कर म्हणे."

आराम म्हणजे गिरणीवरची जागा रिकामी. आणि ती जागा रिकामी राहत नसे. तिथला रिवाजच तसा, जिची जागा तिच्या घरची बाई पहिली. लेक नाहीतर सून. फुलसिंग, गिरणीचा आताचा मुकादम, तांड्यातलाच, नात्यानं पुतण्या लागणारा. तो दारात येऊन सांगून गेला, "काकी, तुमची जागा आठ दिवस धरून ठेवतो. सोमवारपासून बबितावहिनीले पाठवा. नाही तं माह्याजवळ नावं लय हायेत."

घरात सगळ्यांना आनंदच झाला. देवसिंग ट्रॅक्टर चालवायचा, काम कधी असे, कधी नसे. त्या साली तो ऊसतोडीचा विचार करत होता आणि गेला असता तर बबिताला जावंच लागलं असतं, कारण ऊसतोडीला जोडपंच लागतं. मग पहिलीत जाणाऱ्या नातीचं काय? भुरीबाईचाच इतिहास पुन्हा सुरू. गिरणीची जागा म्हणजे बबिता घरी, नात शाळेत. सगळे प्रश्न एका झटक्यात मिटत होते. आणि भुरीबाईच्या छातीत, मातीच्या जोडीला, मॅडमचं वाक्य अडकून बसलं होतं.

तिनं एकदा आडून विचारून पाहिलं. "बबिता, जमन काय तुले? धूळ लय राह्यते वो."

बबिता भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "जमन. मी गूळ पुरा खाईन याडी. पोरीले एक कणबी आणनार नाही."

ती ते इतक्या थंडपणानं म्हणाली की भुरीबाईला पुढं बोलवलं नाही. दिवसभर तिनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. सांगावं तर आपणच वाटलेला गूळ खोटा पडतो. न सांगावं तर पोरगी नळाखाली जाऊन उभी राहते. असं धर्मसंकट कुणावर येऊ नये.

रविवारी बोकड होता. लखीरामनं देवीला कबूल केलेला. म्हातारीचा खोकला गेला की देईन, असा नवस. पण खोकला जायची वाट बघायची लखीरामची हिंमत उरली नव्हती, म्हणून त्यानं आधीच द्यायचं ठरवलं. देवी काय, समजून घेईल. सकाळी अंगण सारवलं, पूजा झाली, लखीरामनं आणि देवसिंगनं बोकड कापला. भाऊबंद जमले, चुली पेटल्या, रक्ताचं कालवण, म्हणजे सळोई, करायला एक जण बसला. फुलसिंगही आला, नातेवाईकच तो. येताच म्हणाला, "वहिनी, उद्या आठ वाजता, ध्यानात हाय ना?" बबितानं मान हलवली.

आतड्यांचं आणि वजडीचं, म्हणजे पोटाच्या पिशवीचं, धुणं मात्र भुरीबाईचं. दुसऱ्या कुणी धुतलेलं तिला चालत नसे. दम लागत होता तरी पाटावर बसली, परात पुढं ओढली, पाण्याचा तांब्या भरून घेतला. लग्न होऊन आल्यापासून असे कितीतरी बोकड तिच्या हातांखालून गेले होते. हात आपोआप चालत होते, डोकं दुसरीकडंच होतं.

परातीत गळ्यापासून खालचा सगळा भाग एकत्र होता. तिनं मऊ नळी उचलली आणि सवयीनं तांब्यानं तिच्यात पाणी ओतलं. वजडी फुगली. तिनं ती पिळून काढली. मग तिचा हात दुसऱ्या नळीवर गेला. ही कडक, कड्याकड्यांची. तिच्या टोकाला फोपसं, म्हणजे फुप्फुस. कुत्र्याला टाकायचं म्हणून ती नेहमी कापून बाजूला ठेवायची.

आज तिनं कापलं नाही. हात थांबला.

तिनं तांब्या घेतला आणि कडक नळीत पाणी ओतलं. फोपसं जड झालं. वजडीत एक थेंब उतरला नाही. तिनं पुन्हा मऊ नळीत ओतलं. वजडी फुगली, फोपसं तसंच. तिनं पुन्हा केलं. आणि पुन्हा. शेजारी कांदा चिरणारी बाई म्हणाली, "काय वो, खेळून राह्यली काय?" भुरीबाईनं चुलीजवळच्या डब्यातून गुळाचा खडा मागून घेतला, कुस्करून पाण्यात कालवला आणि ते पाणी मऊ नळीत सोडलं. मग फोपसं हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. गुलाबी, स्वच्छ. गुळाचं पाणी त्याच्या बाजूनं गेलं होतं, त्याला शिवलंसुद्धा नव्हतं.

आयुष्यभर हे हातात होतं. ह्याच हातांनी धुतलं, कापलं, शिजवलं. आणि ह्याच हातांनी गूळ वाटला. कधी म्हणून दोन्ही गोष्टींची गाठ पडली नाही. गाठ पडावी तरी कशी? जेवणाचा विचार जेवणाच्या जागी, गिरणीचा गिरणीच्या जागी. पण आता पडली होती आणि आता डोळे मिटून घेण्याची सोय राहिली नव्हती.

"बबिता," तिनं हाक मारली. आवाज निघाला नाही म्हणून परातीवर तांब्या आपटला. बबिता पीठ माखलेल्या हातांनी आली. फुलसिंग मागंच खाटेवर बसला होता, तोही मान वळवून बघायला लागला.

"बस. हे पाह्य," भुरीबाई म्हणाली आणि तिनं दोन्ही नळ्या सुनेच्या हातात दिल्या. "ह्या नळीनं खाल्लेलं जाते. ह्या नळीनं हवा. हिच्यात मी गूळ टाकला. कुठी गेला सांग."

बबितानं बघितलं. "पोटात."

"अन् धूळ कुठून जाते?"

बबिताचं बोट कडक नळीवर गेलं.

"नाकातून गेली तं ह्या नळीनं. इथी." भुरीबाईनं फोपशावर बोट ठेवलं. बोलताना तिला मध्ये थांबावं लागत होतं, पण ती थांबून थांबून बोलली. "यवतमाळच्या मॅडमनं मले सांगतलं होतं. म्या तुमाले सांगतलं नाही. गूळ धुळीपर्यंत जातच नाही. कधीच गेला नाही. माह्याबी नाही, कोणाचाबी नाही. तू उद्या जाऊ नको."

फुलसिंग उठून आला. त्याला हसू आलं होतं, पण थोडं घाबरल्यासारखंही. "काकी, काय हे? एवढी वर्षं तुमीच तं वाटला गूळ. आता बोकडाले पाहून गिरणी बंद करता काय?"

"तू गप रे," भुरीबाई म्हणाली. "तुह्या शेडातलं यंत्र चालू कर, मंग बोल माह्यासंग. मी मातीची झाली. ही पोरगी होणार नाही."

फुलसिंग काही तरी पुटपुटत तिथंच उभा राहिला. तांड्यातल्या बाया आपापली कामं सोडून बघत होत्या. त्यातल्या चार-पाच जणी उद्या सकाळी त्याच नळाखाली उभ्या राहणार होत्या. एकीनं जवळ येऊन कडक नळीत आपलं बोट घालून पाहिलं आणि हात पदराला पुसला.

बबिताचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. ती अजून त्या मऊ नळीकडं बघत होती. तिनं विचारलं, "मंग माह्या याडीनं तो गूळ खाल्ला असता तरी?"

भुरीबाईला हाच प्रश्न नको होता. ज्याच्यापासून ती यवतमाळहून पळत आली होती तो हाच. पण तिनं नजर चुकवली नाही.

"तरी गेली असती, पोरी. मी खोटी बोलली. मले मालूम नव्हतं, पण खोटी बोलली."

"मंग मी नाही?"

"काय तू नाही?"

बबिताच्या हातातली नळी परातीत पडली. ती जे बोलली ते इतक्या हळू बोलली की जवळच्या दोघा-तिघांनाच ऐकू गेलं. "मले वाटे मीच खाल्लं तिले. रोज दारात बसून वाट पाहत होती मी. याडी आली की आधी पदर धरत होती, गाठ सोडत होती. तिनं एखाद्या दिवशी देला नाही तं रडत होती. तुमी अंगणात बोलल्या ना, मी दाराच्या मांगं उभी होती. मले वाटलं, सारे समजले आता. मीच खाल्लं माह्या याडीले."

एवढीशी पोर. दाराच्या मागं. तिथून ती मामाच्या घरी गेली, मोठी झाली, लग्न होऊन ह्याच घरात आली, जिनं ते वाक्य उच्चारलं तिला याडी म्हणाली, तिचे पाय चेपले, तिला औषध दिलं आणि एक शब्द बोलली नाही. का बोलेल? तिच्या लेखी वाक्य खरंच होतं. आणि उद्या नळाखाली उभी राहायला ती इतक्या थंडपणानं तयार झाली होती, त्यात आपलं काही फेडायचं असल्याची भावना नव्हती असं कोण म्हणेल? भुरीबाईला हे सगळं एकदम दिसलं. आपल्या छातीतली माती तिला त्या क्षणी काहीच वाटली नाही.

"तू लेकरू होती," ती म्हणाली. "गूळ खाणारं लेकरू होती. तिले तुह्या तोंडात खडा टाकताना लय आनंद होत होता. मले रोज सांगे. मी तिच्यावर चिडत होती अन् ती हसत होती. तेवढाच तं आनंद होता तिले दिवसभरात."

बबिता खाली बसली. आधी नुसतीच हलत राहिली. मग तिच्या घशातून आवाज निघाला आणि एकदा निघाला तो थांबेचना. आई गेली त्या दिवशी ती रडली नव्हती. बायांनी तेव्हा तिला दगड म्हटलं होतं. आज ती जमिनीवर हात आपटून, आपल्या गोरबोलीत, "याडी, मारी याडी" म्हणत रडायला लागली, जसं प्रेत अंगणात असताना रडतात तसं. भुरीबाईनं तिला ओढून मांडीवर घेतलं. तिलाही रडायचं होतं, पण रडायला श्वास लागतो आणि तेवढा तिच्याजवळ नव्हता. ती नुसतीच सुनेच्या पाठीवरून पीठ आणि रक्त लागलेला हात फिरवत राहिली.

तांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत आवाज गेला. बाया हातातली कामं टाकून धावत आल्या, पदर सावरत, धापा टाकत. बोकडाचं जेवण ऐन भरात आणि ह्या घरात हा आकांत. कुणाला काही कळेना. एक म्हातारी दारातूनच ओरडली, "काय झालं? कोण गेलं वो?"

भुरीबाईनं मान वर केली. मोठा श्वास घ्यायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावरच अडला.

"मानीबाई गेली," ती म्हणाली. "रडू द्या तिले."